चिंदोनया: दुकानाची जाहिरात पायी फिरवणारी मंडळी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओसाकाच्या एका बाजारात चेहरे पांढरे रंगवलेली, डोक्यावर जुन्या धाटणीचे केसांचे टोप आणि अंगात भडक किमोनो अशी तीन माणसं ढोल आणि क्लॅरिनेट वाजवत चालली होती. ही रस्त्यावर पैसे मागणारी मंडळी का? की पर्यटकांसाठी उभा केलेला देखावा? त्यांना काही द्यायचं असतं का? आणि हातातल्या फोनवर जाहिरात करता येत असताना दुकानदार यांना कशाला बोलावतात?

ही चिंदोनया मंडळी. हा सरळसरळ जाहिरातीचा धंदा आहे. जवळपासच्या एखाद्या दुकानदाराने त्यांना त्या दिवसापुरतं ठरवलेलं असतं, आणि त्याच्या दुकानाची खबर आसपासच्या गल्ल्यांत पोचवणं हे त्यांचं काम. बघणाऱ्यापुढे टोपी फिरवायची, डबा ठेवायचा, हा प्रकार यात नाही. पैसे दुकानदार देतो. तुमच्याकडून एवढंच हवं असतं, की हातात दिलेला कागद घ्यावा आणि जमलं तर दुकानात डोकावून यावं.

मी क्लॅरिनेट वाजवतो आणि बरीच वर्षं इथल्या एका मंडळीबरोबर गाकुशी म्हणून, म्हणजे सुरांचं वाद्य धरणारा म्हणून, फिरतो. तेव्हा आतून जे दिसतं तेच सांगतो. बाहेरच्याला वाटतं की ही माणसं आवाज करून लक्ष वेधतात. आवाज कुणीही करेल. या धंद्यातलं खरं कसब ऐकण्यात आहे. गल्ली कशी आहे, कोण आजारी आहे, कोण दार किलकिलं करून बघतंय, हे ज्याला चालता चालता कळतं तोच चांगला चिंदोनया. बाकीचं सगळं या एका गोष्टीच्या आधाराने समजून घ्या.

लहानात लहान मंडळी तिघांची. पुढे ओयाकाता, म्हणजे म्होरक्या. बायकाही या जागी असतात आणि उत्तम असतात. ओयाकाताच्या अंगावर चिंदोन-दाइको अडकवलेला असतो. एका चौकटीत काने, म्हणजे धातूची छोटी वाटीसारखी घंटा, तिच्याजवळ दोऱ्यांनी घट्ट आवळलेला शिमे-दाइको, आणि खाली पसरट मोठा ढोल. काने 'चिन' करते, ढोल 'दोन' करतो, त्यावरून नाव पडलं. चौकटीवर बऱ्याचदा रंगीत छत्रीही खोचलेली असते. ओयाकाताच्या मागे गोरोसू, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचा मोठा ढोल वाजवणारा. त्याच्या मागे गाकुशी: क्लॅरिनेट, सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट. चौथा माणूस परवडला तर तो झेंडा धरतो किंवा बाजूने कागद वाटतो.

वेश कुठून आला हे विचारण्यासारखं आहे. कमरेला तलवार, पट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा, डोक्याला गवती टोपी असा जो भटक्या जुगारी दिसतो, तो तैशू एन्गेकी या फिरत्या लोकनाट्यातला ठरीव नायक. नाटकमंडळ्यांतून या धंद्यात येणारे पूर्वी पुष्कळ होते आणि ते येताना आपले कपडे, रंगभूषा आणि बोलण्याची ढब घेऊन आले. सामुराई, शहरातली नटवी पोरगी, गावंढळ म्हातारा, ही सगळी तिथलीच पात्रं. नीट पाहिलंत तर प्रत्येकाच्या पाठीवर दुकानाच्या नावाचा फलक दिसेल. पुढून येणाऱ्या रंगवलेल्या चेहऱ्याकडे रोखून बघायला जपानी माणूस लाजतो. मंडळी पुढे गेली की तो निर्धास्तपणे मागून बघतो, आणि तेव्हाच वाचतो. म्हणून पाठीवरची अक्षरं मोठी हवीत.

आता प्रत्यक्ष काम. सकाळी आम्ही आधी दुकानात जातो. समजा नवीन केशकर्तनालय उघडतंय. ओयाकाता मालकाशी बोलतो: कुणासाठी उघडलंय, लहान मुलांचे केस कापता का, म्हाताऱ्यांना घरून आणायची सोय आहे का, आज काही सवलत आहे का. या चौकशीत जे एखादं खरं वाक्य सापडतं, त्यावर दिवसभराचं बोलणं उभं राहतं. मग नकाशा काढायचा. रस्त्यावरून असं वाजवत जायला रहदारीच्या कायद्याप्रमाणे त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याची परवानगी लागते, ती आधीच काढलेली असते. छप्पर घातलेल्या बाजारपेठांत तिथल्या व्यापारी मंडळाला विचारावं लागतं. इस्पितळ, शाळा, त्या दिवशी मयत झालेलं घर, ही ठिकाणं ओयाकाता मनात टिपून ठेवतो.

चालायला लागल्यावर पहिली शिकायची गोष्ट म्हणजे कवायतीसारखं पाऊल टाकायचं नाही. ढोलाच्या ठोक्यावर सगळ्यांचे पाय एकदम पडायला लागले की ते लष्करी पथक दिसतं आणि लोक बाजूला होतात. आमची चाल सैलसर, तालाच्या अवतीभवती. गल्लीत वळताना ओयाकाता ढोल हलका करतो आणि नुसती काने वाजत ठेवतो. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून ढोल दुप्पट होऊन परत येतो. काने मात्र उभी वर जाते, तिसऱ्या मजल्यापर्यंत. वरची एखादी खिडकी सरकते. ओयाकाता वर बघून मान लववतो. मी सूर खाली आणतो, जवळजवळ गुणगुणण्याइतका. "कोपऱ्यावरच्या जुन्या तांदळाच्या दुकानात आजपासून केस कापायचं दुकान सुरू झालंय हो, आजीबाई!" आजी काहीतरी विचारतात. तांदळाच्या दुकानाचं काय झालं, हेच बहुतेक विचारतात. त्याचं उत्तर द्यायचं, नीट द्यायचं, घाई करायची नाही. ते होईपर्यंत मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, तोडत नाही. आजी खिडकी लावून घेतात तेव्हा ती ओळ पूर्ण करायची आणि पुढे निघायचं. हे जमायला मला वाजवायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

ओयाकाताच्या या बोलण्याला कोजो म्हणतात. चौकात थांबून मोठं कोजो करायचं असेल तर सुरुवात बऱ्याचदा "तोझाई, तोझाई" अशी होते, म्हणजे पूर्व-पश्चिमेच्या समस्त लोकहो. नाट्यगृहातली ही हाक. पुढचं वाक्य मात्र आजचं, ताजं, त्या दुकानाचं लागतं. पाठ केलेलं कोजो लोकांना लगेच कळतं.

कागद देण्यालाही शिस्त आहे. माणसाच्या वाटेत उभं राहायचं नाही, हात पुढे करून चालायचं नाही. आधी नजर, मग मान लववणं, मग कागद. ज्याने नजर चुकवली त्याला द्यायचाच नाही. मुलं मागे लागतात, त्यांना दुकानाचा फुगा किंवा कागद देऊन त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी परत पाठवायचं, कारण ती कुठेपर्यंत मागे येतील याचा नेम नसतो.

इतिहास थोडा लांबतो, पण धंदा का टिकला हे त्याशिवाय कळणार नाही. १८४५ च्या सुमारास ओसाकात आमेकात्सू नावाचा खायच्या गोड गोळ्या विकणारा होता. त्याचा आवाज इतका खणखणीत, की योसे म्हणजे कथाकथनाच्या छोट्या थिएटरवाल्यांनी त्याला आपल्या खेळांची जाहिरात करायला लावलं. त्याच्या मागून इसामिकामे आला आणि "तोझाई" या हाकेवरून अशा माणसांना ओसाकात तोझाईया म्हणायला लागले. तेव्हा यात मुख्य वाद्य माणसाचा गळाच होता. १८८० च्या दशकात ओसाकाहून टोकियोला गेलेल्या अकिता र्‍यूकिचीने हिरोमेया नावाची पेढी काढली आणि जाहिरातीच्या मिरवणुकीत पितळी वाद्यांचा बँड आणला. लष्करी बँडमधून बाहेर पडलेली माणसं आणि वाद्यं तेव्हा मिळू लागली होती. आपल्याकडे लग्नाचा बँड ज्या मुळापासून आला त्याच मुळाची ही जपानी फांदी, म्हणूनच बहुधा मराठी माणसाला या मंडळीचं क्लॅरिनेट ऐकताक्षणी ओळखीचं वाटतं.

मग सिगारेटवाल्यांनी बँड डोक्यावर घेतला. टोकियोचा इवाया मात्सुहेई आणि क्योतोचे मुराई बंधू यांची जाहिरातीची चढाओढ त्या काळी गाजली. इवायाचं सगळं लालभडक, मुराईंकडे बँड आणि पाश्चात्त्य थाट. १९०४ साली तंबाखू सरकारी मक्तेदारीत गेला आणि ती लढाई संपली. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वाढल्या, मोठे बँड पोसणं परवडेना. मोठ्या पथकाचं लहान पथक झालं, आणि तैशो काळात, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे, कुणीतरी घंटा आणि दोन ढोल एका चौकटीत बांधून एकाच माणसाच्या अंगावर चढवले. चिंदोन-दाइको हा असा काटकसरीतून जन्मला. आज आपण त्याला परंपरा म्हणतो.

सुरांची वाद्यं या लहान मंडळीत आली ती दुसऱ्यांच्या संकटातून. मूकपटांच्या काळात प्रत्येक चित्रपटगृहात वादक असत आणि पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी असत. १९३१ साली पहिला पूर्ण जपानी बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत ही सगळी माणसं बेकार झाली. त्यातली कितीतरी क्लॅरिनेट, ट्रम्पेट घेऊन रस्त्यावर आली. आजचा गाकुशी हा त्यांचा वारस. म्हणून आमच्या वाजवण्यात मूकपटाची एक सवय उरली आहे: समोर जे घडतंय त्याला साथ करायची. मूल पडलं, सूर घसरता काढायचा. नवरी दिसली, लगेच लग्नाची धून. आपल्याकडेही त्याच काळात गावातून फलक फिरवून, वाजंत्री लावून, हँडबिलं वाटून खेळाची खबर दिली जायची. जुन्या माणसांना हे आठवत असेल.

युद्धाच्या काळात हे सगळं बंद पडलं. युद्धानंतर दुकानं उघडायला लागली, पाचिन्को या जुगारवजा खेळाची सभागृहं गल्लोगल्ली निघाली, आणि चिंदोनयांचा सुकाळ झाला. १९५० च्या आसपास देशभरात २५०० च्या घरात माणसं या धंद्यात होती असं सांगितलं जातं. नवीन यंत्रं बसवली की पाचिन्कोवाला चिंदोनया बोलवायचाच.

पण मान नव्हता. जपानी मुलांची एक चिडवण्याची ओळ आहे, "बाका, काबा, चिंदोनया": मूर्ख, पाणघोडा, चिंदोनया. ज्यांच्या मागे धावायचं त्यांच्याच नावाने चिडवायचं. माझ्या जुन्या ओयाकातांना ती ओळ लहानपणी रोज ऐकावी लागली, कारण त्यांचे वडील याच धंद्यात होते. म्हणून एक विनंती करतो. यांचे व्हिडिओ टाकताना "जपानमधले विचित्र लोक" असं लिहू नका. पोट भरण्यासाठी रंग लावून दिवसभर चालणारी ही माणसं आहेत, आणि त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी यासाठी पुरेशी हेटाळणी सोसली आहे.

पुढे टीव्ही आला, १९७३ च्या तेलसंकटात दुकानदारांचे हात आखडले. सगळ्यांत मोठा घाव बसला तो १९८८ च्या शरदात. शोवा सम्राट, म्हणजे हिरोहितो, आजारी पडले आणि देशभर गाजावाजा, उत्सव, रोषणाई आपणहून आवरती घेतली गेली. ७ जानेवारी १९८९ ला सम्राट गेले, आणि शांतता आणखी लांबली. वाजवणं हाच ज्यांचा धंदा त्यांची ठरलेली कामं गेली. म्हातारे ओयाकाता पुष्कळ तेव्हाच थांबले.

मग टिकलं कसं? एक तर नवी माणसं आली. ओसाकात हायाशी कोजिरो यांनी १९८० च्या दशकात चिंदोन त्सूशिन्शा ही मंडळी उभी केली. विद्यापीठात शिकलेला तरुण आपखुशीने या धंद्यात येतो ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. त्यांनी जुन्या लोकांकडून शिकून घेतलं, तरुणांना पगारी कामावर ठेवलं, आणि आज जी बरीच मंडळी दिसते तिच्यात त्यांच्या हाताखालून गेलेले पुष्कळ आहेत. दुसरं, १९९५ चा कोबेचा भूकंप. वीज नव्हती, ध्वनिवर्धक चालत नव्हते. सोल फ्लॉवर युनियन या रॉक बँडने चिंदोन-दाइको आणि वीज न लागणारी वाद्यं घेतली, मोनोनोके समिट या नावाने निवाऱ्यांत गेले आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या तरुणपणची गाणी ऐकवली. विजेशिवाय, चालत, माणसाच्या जवळ जाऊन वाजवता येणारं हे संगीत आहे, हे त्या वेळी अनेक वादकांच्या ध्यानात आलं.

संगीत म्हणून याची किंमत काय, असंही तुम्ही विचाराल. ज्याने स्वरलिपीतून शिकलंय त्याला पहिल्यांदा हे बेसूर, विसकळीत वाटतं. ढोलाचा ताल यंत्रासारखा सरळ चालत नाही, काने किंचित मागे रेंगाळते, क्लॅरिनेट मुख्य चालीला धरून असतं पण तिच्यावरून सारखं घसरतं. यात कुणी कुणाला जुळवून घेत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात सगळे एकमेकांच्या श्वासावर असतात, कारण चालताना मान वळवून खूण करता येत नाही. सुरुवातीला बऱ्याचदा 'ताके नि सुझुमे' वाजवतात, तिचं मूळ रंगभूमीच्या पार्श्वसंगीतात आहे. मेइजी काळातलं, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, 'उत्सुकुशिकी तेन्नेन' हे तीन मात्रांचं गाणं सर्कशीपासून चिंदोनयांपर्यंत सगळ्यांनी वाजवलं, ते आजही वाजवतात. बाकी शोवा सम्राटांच्या काळातली सिनेमाची आणि नभोवाणीची गाणी, आणि मुलं दिसली की कार्टूनची. मला स्वतःला 'उत्सुकुशिकी तेन्नेन' संध्याकाळी, छप्पर असलेल्या बाजारात वाजवायला फार आवडतं. तेन्जिनबाशी-सुजीची पेठ अडीच किलोमीटरहून लांब आहे. तिथे छतामुळे सूर आपल्या पुढे चालत जातो आणि दुकानदार आपण पोचायच्या आधीच दारात आलेले असतात.

दुकानदाराला यातून काय मिळतं, हे स्पष्ट सांगतो, कारण इथे भाबडेपणा नको. ज्याचं गिऱ्हाईक पायी येण्याच्या अंतरावर राहतं त्यालाच हे उपयोगी. केशकर्तनालय, नूडल्सचं छोटं दुकान, दातांचा दवाखाना, भाजीचं दुकान, नवीन औषधांचं दुकान. देशभर माल पाठवणाऱ्याने यावर पैसे घालू नयेत. फोनवरची जाहिरात एकट्या माणसाला दिसते आणि तो ती बोटाने सरकवून देतो. चिंदोनया गेल्यावर एक शेजारीण दुसरीला विचारते, "कसली गडबड होती?" आणि दुसरी सांगते. दुकानदार विकत घेतो तो हा संवाद. संध्याकाळी ओयाकाता मालकाला नुसता वाटलेल्या कागदांचा आकडा सांगत नाही. कुठल्या गल्लीत काय विचारलं गेलं, कुणाला कसली शंका आहे, हेही सांगतो. हुशार मालक ते लिहून घेतात. एका मालकाला असंच कळलं की दाराची पायरी उंच म्हणून म्हातारे येणार नाहीत. त्याने आठवड्याच्या आत उतरता फळा बसवला.

अडचणीही आहेत. गल्लीबोळातली दुकानं कमी होत चालली आहेत. मोठ्या दुकानांवर बंधनं घालणारा कायदा २००० साली गेला, त्याआधीच सैल झाला होता, आणि शहराबाहेरच्या मोठमोठ्या मॉलनी जुन्या पेठांचं गिऱ्हाईक ओढलं. जिथे रस्त्यावर पायी चालणारा माणूसच नाही तिथे आमचं काही चालत नाही. आता आमच्या कामात उत्सव, वृद्धाश्रम, लग्नं यांचा वाटा वाढलाय. तेही चांगलं काम आहे, मनापासून करतो. पण बसलेल्या श्रोत्यांसमोर वर्षभर वाजवून हे कसब शाबूत राहणार नाही, असं माझं ठाम मत आहे. नव्या मुलांना आधी गल्लीत चालवा, मग मंचावर चढवा, असं मी प्रत्येक मंडळीत सांगत आलोय.

तुम्हाला हे बघायचं असेल तर ओसाकात नशिबावर अवलंबून राहावं लागेल. शनिवार-रविवारी, नवीन दुकान उघडत असेल तिथे, दक्षिण ओसाकाच्या जुन्या पेठांत शक्यता जास्त. खात्रीने बघायचं तर एप्रिलमध्ये तोयामाला जा. १९४५ च्या ऑगस्टमधल्या हवाई हल्ल्यात ते शहर जवळजवळ पूर्ण जळालं होतं. बाजार पुन्हा उभा राहत असताना, १९५५ पासून, साकुरा, म्हणजे चेरी, फुलण्याच्या दिवसांत तिथे चिंदोनयांची राष्ट्रीय स्पर्धा भरते आणि देशभरातल्या मंडळ्या येतात. वादनाइतकंच जाहिरात कशी पोचवली यालाही तिथे महत्त्व असतं. सभागृहातली तिकिटं मिळाली तर उत्तमच, पण शहरातून निघणारी फेरी चुकवू नका. फोटो काढायला हरकत नसते, फक्त वाट अडवून उभे राहू नका आणि चालत्या ओयाकाताला थांबवू नका. एखाद्या अरुंद रस्त्याचं वळण गाठा आणि मंडळी वळताना मोठा ढोल कुठे दबतो ते ऐका. जी मंडळी वळणावर आवाज आवरते तिच्या मागे जा, ती तुम्हाला दिवसभर चांगलं ऐकवेल.